परगावी शिकणारा विद्यार्थी व त्याचे मनःस्वास्थ्य

जून-जुलैचे दिवस आले म्हणजे मलकापूरच्या एस. टी. स्थानकावर एक देखावा प्रतिवर्षी दृष्टीस पडतो. पावसाची झड लागलेली असते. एका छत्रीखाली आई, बाप व मूल अशी तिघे उभी असतात. पायाशी एक बॅग, एक वळकटी, घरच्या तांदळाची पिशवी आणि चटणी-लोणच्याच्या बरण्या. गाडी कोल्हापूरची असते. मुलगा, अथवा अलीकडे मुलगीही, अकरावीस किंवा पदवीच्या पहिल्या वर्षास निघालेली असते. बाप वरचेवर एकच सांगत असतो, "अभ्यास कर, आणि कुणाच्या नादी लागू नको." आई काही बोलत नाही. गाडी सुटते, आणि घराण्यातले पहिले मूल कॉलेजात गेले ह्या आनंदात मंडळी रोपलावणीस परततात.

मलकापुराहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरांच्याही आत आहे. परंतु त्या दिवशी ते मूल किती दूर जाते ह्याची कल्पना आमच्या पालकांस असते असे आम्हांस वाटत नाही. वाडीवर असता त्याच्यावर वीस जणांचे डोळे असत. ताटात नुसती चिवडाचिवड केली तर आजी विचारी, "काय रे, बरं नाही का?" कडवीच्या काठी एकटा बसलेला दिसला तर गुरे वळणारा कोणी सायंकाळी घरी येऊन सांगून जाई. ही पाळत मुलांस जाचते हे आम्ही जाणतो. आमच्या वेळी ती आम्हांसही जाचली. तथापि त्या पाळतीच्या पोटी काळजीही होती, आणि शहरात गेल्यावर मूल दोहोंतूनही एकदमच सुटते. तेथे त्याने जेवावे की न जेवावे, निजावे की रात्रभर छताकडे पाहत पडावे, कोणास काही वाटत नाही. शंभर मुलांच्या वर्गात त्याची जागा रिकामी राहिली तर हजेरीपटावर एक खूण होते, आणि तेवढ्यावर तो विषय संपतो.

ह्या विषयावर ह्या वार्षिकात लिहावे की न लिहावे, असा संकोच आम्हांस पुष्कळ दिवस होता. मुलांच्या हाती पडणाऱ्या अंकात असल्या उदास गोष्टी कशास, असे कोणी म्हणतील. परंतु सरकारी नोंदीच अशा आहेत की, आता गप्प बसणे हाच अपराध ठरावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन स्वहस्ते संपविले. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. त्याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे लिहिलेले आहे. म्हणजे नापास झाल्यामुळे मुले असे करतात, हा जो आपला सरसकट समज आहे तो अपुरा आहे. एकटेपणा, कर्ज, अपमान, प्रेमभंग, घरातील कलह, आणि ज्यास वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणते तो आजार, ह्यांची गुंतागुंत त्यामागे असते. अर्ध्याहून अधिक मानसिक विकारांचा आरंभ पंचविशीच्या आतच होतो हेही आता वैद्यकशास्त्राने दाखविले आहे. कॉलेजचे वय तेच हे वय, हे ध्यानी घ्यावे.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. तीत आमचा मोठेपणा मुळीच नाही.

काही वर्षांपूर्वी आंबा घाटाकडच्या एका वाडीवरील आमचा एक विद्यार्थी उत्तम गुण मिळवून एका मोठ्या शहरी इंजिनियरिंग शिकावयास गेला. बापाची दोन एकर भातशेती. पहिल्याच दिवाळीच्या सुटीत तो आम्हांस भेटावयास आला. अंगाने उतरला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, रात्री झोप लागत नाही. वाचलेलं डोक्यात राहत नाही. वर्गात काय चाललंय ते कळत नाही." आज विचार करता वाटते की, त्या तीन वाक्यांनी त्या मुलाने आमचे दार ठोठावले होते. आम्ही काय केले? आम्ही त्यास अर्धा तास उपदेश केला. पहाटे उठावे, व्यायाम करावा, मोबाईल दूर ठेवावा, थोर पुरुषांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला ह्याचे स्मरण ठेवावे. तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना नमस्कार करून गेला, आणि आज आपण एक चांगले काम केले अशा समाधानात आम्ही चहा घेतला.

पुढे फेब्रुवारीत त्याने वर्गास जाणे बंद केले. भाड्याच्या खोलीत तो एकटाच पडून राही. सोबतचे दोघे परीक्षेच्या गडबडीत. त्यांस वाटले, हा मुळातच अबोल आहे. तीन आठवडे असे गेले. ह्या काळात त्याच्या कॉलेजकडून कोणीही त्याच्या खोलीवर गेले नाही. उपस्थिती कमी भरल्याची सूचना मात्र पोस्टाने वाडीवर आली. तीही तो घरी पोचल्यावर चार दिवसांनी!

तो घरी पोचला तो एका खानावळवाल्या बाईंमुळे. त्या मुलांस डबे पुरवीत. तीन दिवस ह्याचा डबा जसाच्या तसा परत आला. चौथ्या दिवशी त्या स्वतः डबा घेऊन दोन जिने चढून गेल्या, दार वाजवीत राहिल्या, आत जाऊन बसल्या, आणि आमटीभाताचे चार घास त्याच्या पोटात जाईपर्यंत उठल्या नाहीत. मग त्याच्याच मोबाईलवरून त्यांनी बापास फोन केला. "पोराला घेऊन जावा, न्हाईतर इथं येऊन ऱ्हावा, पण आजच या." बाप रात्रीच्या एस. टी.ने निघाला.

घरी आल्यावर प्रथम अंगारेधुपारे झाले. भावकीतल्या कोणी देवऋषाचे नाव सुचविले, कोणी नजर लागली म्हणाले. दोन आठवडे त्यात गेले. नंतर कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्यास नेले. आजाराचे नाव कळले, औषध सुरू झाले, डॉक्टरांशी बोलणे सुरू झाले. सुमारे वर्षाने तो आपल्याच तालुक्यातील महाविद्यालयात पुन्हा दाखल झाला, पदवीधर झाला, आणि आज स्वतःच्या पायांवर उभा आहे. हा मजकूर त्यास वाचून दाखवूनच आम्ही छापावयास देत आहोत. त्याने एवढेच सांगितले की, मावशींचा उल्लेख राहू देऊ नका. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. आम्ही पदवीधर, वर अध्यापनशास्त्राचे प्रमाणपत्र बाळगणारे!

आमचे म्हणणे त्या परत आलेल्या डब्यापासूनच सुरू होते. कॉलेजात मनोरोगतज्ज्ञ असावा, समुपदेशक असावा, हे तर खरेच. पण डबा परत आला हे कोणाच्या तरी ध्यानात येईल अशी व्यवस्था तेथे आधी हवी. जो मुलगा खोलीतून बाहेरच पडत नाही, तो समुपदेशकाच्या दारापर्यंत कोठून जाणार?

कोल्हापूरच्या भूमीस हा विचार नवा नाही. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजाशी जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले होते. नियमाने दार सर्वांस उघडे होते; परंतु व्यवहारात खेड्यातल्या, मागासलेल्या जातींच्या मुलांस त्याचा लाभ मिळेना. महाराजांनी ह्यातून धडा घेतला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क ह्यांच्या नावाचे, अशी एकामागून एक वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढली म्हणून आज कोणी नाके मुरडतात. त्यांनी १८९६ चा तो अनुभव विसरू नये. मुलास नुसते छप्पर देऊन भागत नाही. पंगतीस बसताना त्यास संकोच वाटू नये, हीदेखील शिक्षणाचीच सोय आहे, हे महाराजांनी ओळखले होते.

आता जातवार पंगती नाहीत, आणि त्या नसाव्यात हेच योग्य. परंतु संकोच गेला आहे काय? आमच्या शाहूवाडीच्या मुलाने तोंड उघडले की त्याच्या बोलीवर हसणारे आजही आहेत. 'प्रवेशपरीक्षेत तुझा रँक किती?' हा प्रश्न वरकरणी साधा. पण पुष्कळदा तो जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो, आणि ज्यास विचारला जातो त्यास तो बरोबर कळतो. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर न आल्याने फीसाठी चारचौघांत नाव पुकारले जाणे, हाही त्यातलाच प्रकार. असल्या जखमांवर समुपदेशकाची गोड वचने उपयोगी पडत नाहीत. तेथे संस्थेच्या वर्तनातच सुधारणा व्हावी लागते.

ह्याच कोल्हापुरात शिकणाऱ्या भाऊराव पाटलांची हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून जैन बोर्डिंगातून त्यांस बाहेर पडावे लागले. अभ्यासातही ते यशस्वी नव्हते; मॅट्रिकची पायरी त्यांनी कधी गाठली नाही. वसतिगृहातून काढलेला, परीक्षेत मागे पडलेला, घरापासून दूर असलेला असा तो मुलगा! आजच्या भाषेत 'धोक्याच्या यादीतला' म्हटला असता. त्यास शाहू महाराजांच्या वाड्यात आसरा मिळाला. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह निघाले, आणि त्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटात अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासुद्धा, दिले. भाऊरावांच्या कर्तृत्वाची वर्णने पुष्कळ होतात. परंतु बोर्डिंगातून निघाल्यावर त्यांस कोठलेच दार उघडे सापडले नसते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो. आणि लक्ष्मीबाईंस मुलांच्या जेवणाची जी चिंता होती, तिला आजच्या कॉलेजांच्या कारभारात काय नाव आहे आणि ती कोणाकडे सोपविलेली आहे, हेही कोणी सांगावे.

असो. आता कायद्याकडे वळू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी, असेही त्यात आहे. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांस पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता किमान एक तरी असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. सर्व शिक्षक व कर्मचारी ह्यांस वर्षातून निदान दोनदा शिक्षण द्यावे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत व त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळक लावावेत. हे निर्देश कॉलेजांस, शिकवणीवर्गांस, वसतिगृहांस तसेच शाळांसही लागू आहेत. म्हणजे आम्हांसही आहेत. आमच्या शाळेत असा प्रशिक्षित मनुष्य अद्याप नाही हे पालकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

निर्देश चांगले आहेत. परंतु सरकारी कागद आणि प्रत्यक्ष ह्यांत अंतर पडते ते असे. कोणा भाषाशिक्षकास दोन दिवसांच्या शिबिरास पाठवितात, प्रमाणपत्र देतात, आणि दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावतात. (हे आम्ही ऐकीव सांगत नाही, ते प्रमाणपत्र आमच्या कपाटात आहे.) तो कक्ष प्राचार्यांच्या दालनाशेजारी असतो, म्हणजे आत शिरणाऱ्या मुलास सर्व कॉलेज पाहते. दोन-तीन हजार मुलांमागे एक समुपदेशक आणि तोही आठवड्यातून एक दिवस, अशी व्यवस्था म्हणजे धरणाचे पाणी चमच्याने उपसणे होय. वर्षातून एकदा एखाद्या वक्त्यास बोलावून 'आनंदी कसे राहावे' ह्यावर व्याख्यान ठेवणे, ह्याचा उपयोग आमच्या मते वक्त्यासच अधिक होतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली व मराठीतून, साध्या शब्दांत, सामान्य माणसांशी बोलण्यास आरंभ केला. हे काम काही तासाभराच्या व्याख्यानाचे नव्हे, पिढ्या लावण्याचे आहे, हे त्यावरून दिसून येते.

आमच्या बुद्धीस जे सुचते ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक वीस-पंचवीस नव्या मुलांमागे एक शिक्षक असावा आणि त्याने पहिल्या सहा महिन्यांत त्या प्रत्येकाशी महिन्यातून एकदा तरी, अभ्यास सोडून, बोलावे. सलग तीन दिवस मूल वर्गात वा भोजनगृहात दिसले नाही तर कोणी तरी चालत त्याच्या खोलीवर जावे. पत्र पाठवू नये. वसतिगृहाचा शिपाई, खानावळीतली बाई, ग्रंथालयातला कारकून, ह्यांसही शिकवावे व त्यांचे म्हणणे कोणी तरी ऐकून घ्यावे. कारण मुलाचा चेहरा आधी त्यांस दिसतो. समुपदेशक पगारी, शिकलेला, आणि परीक्षेच्या कामाशी संबंध नसलेला असावा. जिवावरचा प्रसंग वगळता तेथले बोलणे बाहेर जाणार नाही ही खात्री मुलास हवी. ती नसेल तर बाकीचे सारे व्यर्थ.

आता पालकांशी दोन शब्द, रागावू नये. "आमच्या वेळी ह्याहून हाल होते, तेव्हा कोणास नैराश्य झाले?" असे आम्ही सभांतून नेहमी ऐकतो. झाले होते. आपण त्यास दुसरी नावे दिली होती. 'त्याचं मन उडालं', 'डोक्यावर परिणाम झाला', 'मुंबईला गेला तो परतलाच नाही', अशी माणसे प्रत्येक गावात होती. घरच्यांनी त्यांस माळ्यावर ठेवले, आणि गावाने त्यांचे नाव घेणे सोडले. दुसरे असे की, "तुझ्यासाठी शेत गहाण टाकलंय" हे वाक्य खरे असले तरी दर फोनवर म्हणू नये. ज्या मुलाचे चांगले चालले आहे त्यास ते ऐकण्याची गरज नसते, आणि ज्याचे बिघडले आहे त्यास त्यातून एवढेच ऐकू येते की आता परतीची वाट बंद झाली. फोनवर प्रथम 'मार्क किती' न विचारता 'जेवलास काय' असे विचारावे, आणि उत्तर नीट ऐकावे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, आंघोळ व कपडे ह्यांची शुद्ध न राहणे, फोन टाळणे, 'माझा तुम्हांला भारच आहे' असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी गाडी पकडावी. 'मरणाचे विचार मनात येतात काय?' असे स्पष्ट विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात शिरतो हा समज खोटा आहे. उलट कोणी विचारले म्हणजे मुलाच्या छातीवरचे ओझे हलते.

आमच्या ख्रिस्ती बंधूंपैकी काहींचे म्हणणे असे की, श्रद्धा दृढ असेल तर असा आजार जडत नाही. त्यांनी एलीया संदेष्ट्याची कथा पुन्हा वाचावी. रानात झुडुपाखाली पडून, आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे तो म्हणाला, तेव्हा देवदूताने त्यास दोष दिला नाही की उपदेश केला नाही. त्यास भाकर व पाणी दिले, निजू दिले, आणि उठल्यावर पुन्हा खावयास दिले. वाट त्यानंतर दाखविली. प्रार्थना अवश्य करावी. डॉक्टरांनी दिलेली गोळीही वेळेवर घ्यावी. मोडलेल्या हातास आपण प्लास्टर घालतोच की नाही?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी जे ह्या उन्हाळ्यानंतर बाहेर जाल, त्यांनी एक क्रमांक लिहून ठेवावा: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही 'टेली-मानस' सेवा आहे. रात्री-अपरात्री केव्हाही, एक पैसा न पडता, मराठीत बोलता येते. तुमच्या खोलीतला सोबती अबोल झाला, तर 'त्याचा स्वभावच तसा' असे म्हणून पुस्तकात डोके घालू नका. त्याच्याजवळ बसा, आणि वडील माणसास कळवा. 'कोणास सांगू नको' अशी शपथ त्याने घातली असली तरी ह्या एका बाबतीत ती मोडावी. आणि कोर्स न झेपल्यामुळे, अथवा नुसते करमत नाही म्हणूनही, परत यावेसे वाटले तर यावे. आपल्या तालुक्यात महाविद्यालये आहेत, आणि वर्ष वाया गेलेला मनुष्य पुढे काय काय करू शकतो ह्याचे उदाहरण वर आलेच आहे.

शाळेपुरते आम्ही असे ठरविले आहे. यंदा दहावी होऊन परगावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ऑगस्टअखेर आमच्यापैकी एक शिक्षक प्रत्यक्ष भेटेल. कोल्हापुरात असेल तर त्याच्या राहत्या ठिकाणी, त्याहून दूर असेल तर निदान फोनवर. पुन्हा एकदा दिवाळीनंतर. ह्या भेटीत गुणांची चौकशी होणार नाही. तरी पालकांनी मुलाचा नवा पत्ता, त्याचा दूरध्वनी क्रमांक, आणि तो जेथे जेवतो त्या खानावळीचा क्रमांक, असे तिन्ही जुलै संपण्याच्या आत शाळेच्या कचेरीत लिहून द्यावेत. खानावळीचा क्रमांक विसरू नये.